फक्त डावीकडे

बायको फुमिएच्या छातीत जेवणानंतर दुखू लागलं, तेव्हा कुरामोची आजोबांनी टॅक्सी बोलावली. घरात दोघंच. इस्पितळ मोठ्या रस्त्यापलीकडेच होतं.

गल्लीच्या तोंडाशी प्रवेशबंदीची पाटी दिसली. सकाळी ती नव्हती, असं आजोबांना वाटलं. पण खात्रीने कसं सांगणार?

“रस्ता मोकळा आहे बाबा, घाल की गाडी.”

“पाटी आहे ना, आजोबा,” म्हणत चालकाने पाटीखालच्या बाणाप्रमाणे गाडी डावीकडे वळवली. पुढच्या कोपऱ्यावरही बाण डावीकडेच होता, आणि त्यापुढच्याही.

गाडी पुन्हा त्यांच्याच घरासमोर आली.

“छान फिरवून आणलंत,” फुमिए कसंबसं हसली. “अहो, कुंड्यांना पाणी नाही घातलंत?”

आजोबांनी सकाळीच घातलं होतं. रोपं मात्र वाळून काड्या झाली होती.

“एकदा मोड रे नियम. हिला दुखतंय.”

“त्या बाजूने कोणी जात नाही, आजोबा,” चालक नम्रपणे म्हणाला आणि डावीकडे वळला.

पुन्हा घर आलं. आता दारावर काळ्या चौकटीचा पांढरा कागद चिकटवलेला होता, मयत झालेल्या घराला लावतात तसा. त्यावर नाव लिहायची पद्धत नाही.

फुमिएने त्यांचा हात धरला.

“अहो,” तिने हळूच विचारलं, “आपल्या दोघांपैकी कोण?”