टाकीची शिडी

योगेश्वरीने फावड्याचा दांडा नवऱ्याच्या नडगीवर हाणला. हाड कडाडलं. टाकीच्या तोंडात पाय घालायला निघालेला टिकेश तिथेच आडवा झाला. त्याची कॉलर धरून तिने त्याला मागे ओढलं.

"सोड मले! तो मरून राहिला खाली! तुले काईच नाही वाटत का वं?"

त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. तिने सोडलं नाही. त्याच्या मनगटाला कचकन चावली.

गोरेगावच्या बाजारातला सडका भाजीपाला आणि लग्नातलं उरलंसुरलं अन्न या टाकीत कुजायचं. त्यातून निघणाऱ्या गॅसवर टिकेशच्या हॉटेलची भट्टी चालायची. यंदा लग्नांच्या खरकट्यातून पत्रावळ्या अन् प्लास्टिकचे चमचे आत गेले आणि टाकी तुंबली. सकाळी झाकण काढलं. टाकी दोन दिवस उघडी राहू द्या, योगेश्वरी म्हणाली होती. जुन्या विहिरीत उतरण्याआधी हवा विषारी आहे का ते कंदील सोडून पाहतात. इथे गॅस, आगीचं काम नाही. मग निदान टोपलीतून कोंबडी सोडून पाहू, म्हणाली.

"कोंबडीले कायले तरास?" टाकी उपसायला आलेला खुमेंद्र हसला होता. "तिचा रस्सा करून ठेव. वर येऊन खातो."

आणि उतरला. शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले.

बाजारातली माणसं धावत आली. खाली काळ्या गाळात खुमेंद्रची पाठ दिसत होती.

"हात हलला! जिता हाय!" कोणीतरी ओरडलं.

योगेश्वरीलाही हात हलल्यासारखा वाटला. मागे पडवीत तिचं बाळ रडून रडून निळं पडत होतं. तिने तिकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी लोखंडी शिडी धरली आणि वर ओढून घेतली.

लोक खवळले.

"डाकीण हाय का बाई!"

"मजूर मरून राहिला, अन् हिले नवऱ्याची पडली!"

एक दगड तिच्या खांद्यावर बसला. एका तरण्या पोराने सदरा काढला, दोर कमरेला बांधला. तिने फावडं फिरवलं. पातं त्याच्या दंडावर लागलं, रक्त उडालं.

"फायर ब्रिगेडची गाडी निघाली गोंदियाहून. तोवर जो उतरंल, त्याचं डोकं फोडीन."

मग तिने खुराड्यातली कोंबडी काढली, टोपलीत बांधली आणि खाली सोडली. कोंबडी दोनदा फडफडली. टोपली वर आली तेव्हा कोंबडीची मान लोंबत होती.

त्या पोराने दंडावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताने कमरेचा दोर सोडला.

गाडीतल्या माणसांनी तोंडाला प्राणवायूचे मुखवटे लावले, आत उतरून खुमेंद्रला बाहेर काढलं. तो केव्हाच संपला होता. टिकेश भिंतीला टेकून पाय धरून बसला होता. तो हुंदके देत होता. तिच्याकडे पाहत नव्हता.

हवालदाराने वही उघडली. "मजुराचं नाव?"

"खुमेंद्र."

"त्याच्या घरचं कोणी आलं का?"

योगेश्वरीने पदराने प्रेताच्या तोंडावरचा गाळ पुसला. आधी डोळे, मग ओठ.

"मी हाय ना," ती म्हणाली. "पाठचा भाऊ हाय माझा."