चढणीचा पाय

मेजरसाहेबांच्या कृत्रिम पायाची खोबण हणमंतानं आतून चाचपली. एक बारीक कड तशीच सोडली, तर साहेबांना पावलोपावली कळ लागणार होती.

हणमंत फौजेत असताना याच साहेबांनी सुरुंगांची वाट न तपासता त्याला आणि सर्जेरावला पुढे धाडलं होतं. हणमंताचा पाय गेला, सर्जेराव जिवानिशी गेला. साहेबांनी मात्र वर कळवलं, की तो स्वतःच्या चुकीनं मेला.

हणमंतानं कड घासून गुळगुळीत केली.

साहेब उठले, चालले, पायऱ्याही चढले. "जराही टोचत नाही रे. तुझे उपकार कसे फेडू?"

"सर्जेरावची आई डोंगरावर राहते, साहेब. गाडी जात नाही. चढून जा आणि चूक कोणाची होती ते तिला सांगा," हणमंत म्हणाला. "पाय दुखतो म्हणायची सोय मी ठेवलेली नाही."