मालकाला इचारून सांगते

आत : किल्ली. गॅसवर दूध. दोन वर्षांची सुकन्या, झोपलेली.

बाहेर : सुकन्याची आई अंजू. हातात मोबाइल. स्कूटीवर शेतात न्यायची टोपली.

मध्ये : वाऱ्यानं लागलेलं दार. लॅच बसलं.

आज येळवस. अमावास्येची पूजा रानात, जेवणही रानातच. आख्खं लातूर शेतात गेलेलं. गल्लीतल्या प्रत्येक दाराला कुलूप. नवरा उमाशंकर सकाळीच आई-वडिलांना घेऊन शिरूर अनंतपाळला गेला. त्याचा फोन लागत नाही. त्यांच्या रानात रेंज नसते.

मीटरच्या डब्यावर एक जुनं स्टिकर. ज्ञानोबा चाबीवाले. खाली नंबर.

अंजूनं तो लावला. फोन एका बाईनं उचलला. मागं माणसांचा गलका.

"चाबीवाले ज्ञानोबा आहेत का?"

"मी लक्ष्मीबाई. त्यांची बायको. सांगा."

अंजूनं सांगितलं. एका दमात, अर्धं रडत.

"आम्ही किल्लारीला हाव, माझ्या भावाच्या शेतात. यायला तास जाईल. थांबा, मालकाला इचारून सांगते."

फोनवर नुसता गलका. मग, "मालक म्हणतेत, दार आत उघडतंय का बाहेर?"

"आत."

"मग मालक म्हणतेत, तुमच्याच हातानं उघडंल. घाबरू नका."

अंजू मागच्या खिडकीशी पळाली. जाळीतून ओटा दिसला. दूध उतू गेलेलं. ज्योत विझलेली. वास येत होता. आणि सुकन्या उठली होती. ओट्याखाली बसून सांडलेल्या दुधात बोट फिरवत होती.

"मावशी, गॅस सुटलाय. बेल वाजवते, आवाजानं ती दाराकडं तरी येईल."

"बेलला हात लावू नको."

हे ताबडतोब आलं. मग जरा थांबून, "मालक म्हणतेत. ठिणगी पडती. लेकराला हाक मार. नुसती हाक."

अंजूनं हाक मारली. मारत मारतच पुढच्या दाराशी आली. आतून सुकन्याची पावलं आली. दाराच्या पलीकडे थांबली.

"टोपलीत काय काय हाय?"

"भज्जी. उंडे. आंबील."

"आंबील कशात?"

"कोल्ड्रिंकच्या बाटलीत."

"वत ती."

"पूजेची आहे ओ."

"आज भुईलाच द्यायची असती. वत."

अंजूनं पायरीवर ओतली. टोपलीत कांदे चिरायला घेतलेल्या सुरीनं बाटली कापली. अंगठाही कापला. वीतभर लांब, चार बोटं रुंद पट्टी. इतकीच हवी, असं मालक म्हणत होते.

"लॅचच्या वरून फटीत घाल. तिरकी. आता खाली वढ. दुसऱ्या हातानं दार हलव."

"नाही होत."

"न्हाईच होणार. पहिल्यांदा कुणाचंच होत न्हाई. परत."

"अडकली."

"अडकली म्हंजे लॅचची जीभ सापडली. आता जोर करू नको. दार जरा तुझ्याकडं घे, मग सोड. हाताला कळंल."

गॅसचा वास आता दाराच्या फटीतून येत होता. अंजूनं दार जवळ घेतलं. सोडलं. पट्टी एकदम हलकी झाली.

दार उघडलं.

सुकन्या काखेत. गॅसचं बटण बंद. खिडक्या सताड. दिव्याला हात लावला नाही. पळत बाहेर, थेट रस्त्याच्या पलीकडे. तिथं अंजू पोरीला घेऊन खाली बसली. पोरीच्या केसांना दुधाचा वास. अंगठ्याचं रक्त फ्रॉकला लागलेलं.

फोन अजून चालूच होता.

"निघालं का?"

"निघालं." अंजूनं पोरीला आणखी जवळ घेतलं. "मावशी, काकांना फोन द्या ना. त्यांच्याशी एकदा बोलू द्या."

पलीकडं कुणीतरी लक्ष्मीबाईंना जेवायला हाक मारत होतं. "आले," त्या म्हणाल्या. मग फोन तोंडाजवळ धरला.

"त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पोरी. दुकान मीच चालवते. पर कुलपाचं बाईनं सांगितलं की माणसं आधी इचारतेत, तुम्हाला काय कळतंय? आत लेकरू असताना पटवून देत कुठं बसू?"