चार अंश

संध्याकाळचे पावणेसहा वाजले तरी पारा सातावरच होता. फाटकाच्या खांबावरचा तापमापक सहा वाजता चार किंवा त्याहून कमी दाखवेल, तरच बेघरांच्या निवाऱ्याचं दार उघडायचं. रखवालदाराला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता, पण एवढा नियम त्याला पाठ होता.

सकाळीच साहेबांचा फोन येऊन गेला होता.

"सगळ्या शहरात सात अंश आणि तुझ्याकडेच रोज चार कसे रे? कुठेतरी पाणी मुरतंय. मागच्या वर्षी इथे पाच होते, तर मी दार उघडलं नाही. लोकांनी शिव्या घातल्या, पण नियम म्हणजे नियम. आज मी स्वतः येतोय. लबाडी सापडली, तर निवारा बंद आणि तू घरी."

म्हणून आज तो डोळ्यांत तेल घालून पाहत होता. फाटकाबाहेर तीस-बत्तीस माणसं असेल नसेल ते अंगाला गुंडाळून रांगेत उभी होती. सगळ्यांत पुढे छत्र्या दुरुस्त करणारा छत्रीवाला, खोकून खोकून अर्धा झालेला. खांबापाशी नेहमीची आजी, डोक्यावरून विटकरी शाल घेऊन बसलेली.

"आजी, टेका की जरा," छत्रीवाला हळूच म्हणाला. "वेळ झाली."

आजी खांबाला टेकली. पारा उतरू लागला. सहा. पाच. चार.

म्हातारीने शालीत बर्फ लपवलाय! रखवालदार तरातरा गेला.

"हात दाखवा, आजी."

तिने दोन्ही हात पुढे केले. रिकामे. शालीतही काही नव्हतं. एवढ्या म्हाताऱ्या बाईची झडती घेतली म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली.

सहा वाजले. त्याने दार उघडलं. एकेक जण "येतो, आजी" म्हणत आत गेला, पण "चला" असं तिला कोणीच म्हणेना. महिनाभरात तिला आत पाहिल्याचं त्याला आठवेना.

"माणसं आहात का कोण?" तो खेकसला. "म्हातारीला गारठ्यात टाकून खुशाल शेकत बसता?"

"तिला बाहेरच राहू द्या, भाऊ," छत्रीवाला म्हणाला. "तिनेच ठरवलंय तसं."

"खड्ड्यात गेली तुमची ठरवाठरवी!"

त्याने तिचा हात धरला आणि त्याची बोटं बधिर झाली. ती उठली. त्याने तिला शेगडीपाशी बसवलं. निखारे मंदावल्यासारखे वाटले, म्हणून आणखी दोन कोळसे टाकले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला आपल्या नोकरीचं समाधान वाटलं.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. साहेबांनी तापमापकावर टॉर्च मारला.

"सात! सात अंशांवर दार उघडलंस? काढ सगळ्यांना बाहेर."

"साहेब, आत्ता चार होते, आईशप्पथ!"

"बाहेर काढ म्हणतो ना!"

आत छत्रीवाल्याला खोकल्याची उबळ आली होती. उघड्यावर हा माणूस रात्र काढणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता.

उबळ थांबली. मग छत्रीवालाच आजीला हाताला धरून बाहेर आला.

"चला, आजी. तेवढीच घटकाभर ऊब मिळाली तुम्हाला."

ती आपल्या जागी बसली. खांबाला टेकली. सहा. पाच. चार.

"बघा साहेब, चार!" रखवालदार ओरडलाच. "बघा की!"

साहेब पाऱ्याकडे पाहतच नव्हते. टॉर्च हातातून गळून पडला होता.

"दार उघडंच राहू दे," ते कसंबसं म्हणाले. "मागच्या वर्षी... पाच अंश होते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी... हिला याच खांबापासून उचलताना, ही शाल मीच हिच्या तोंडावर ओढली होती."