आवाज येऊ द्या

"मेलो! मेलो गं आई!" असं ओरडत सासरेबुवा चाकाच्या खुर्चीतून इमर्जन्सी विभागात शिरले. खरा मेलेला माणूस इतका खणखणीत ओरडत नाही, हे दारावरच्या वॉचमनला ठाऊक होतं. तरी त्यानं सवयीनं दार धरलं.

दुखणं घोट्याचं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला ते स्टुलावर चढले आणि उतरायचं ठरवण्याआधीच खाली आले. घोटा टम्म सुजला होता. मागून सासूबाई चालत होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नवऱ्याची डावी चप्पल.

या विभागाची मुख्य डॉक्टर त्यांची सून. एरवी सासरेबुवा हे चारचौघांत सांगायचं टाळत. "कुणाची सून हृदयाची डॉक्टर, कुणाची डोळ्यांची. आमची दाराची! आलेल्याला आत घ्यायचं आणि ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे पोचतं करायचं," असं जेवताना तिच्या तोंडावर म्हणत. ती "हो बाबा" म्हणून मीठ मागून घेई. आज मात्र त्यांनी सिस्टरला आधी नातं सांगितलं, मग दुखणं.

सून आली. तिनं त्यांना बोटं हलवायला लावली, घोट्याच्या हाडावर नेमका अंगठा दाबला.

"आई गं! माणूस आहेस का कोण?"

"छान," ती म्हणाली.

"छान काय, छान? इथं माझा जीव चाललाय!"

"बाबा, तुम्ही ओरडताय ना, म्हणजे..."

वाक्य तिथंच राहिलं. सासूबाईंच्या हातातली चप्पल खाली पडली होती, आणि त्यांनी ती उचलली नव्हती.

घरात टाचणी पडली तरी दुसऱ्या खोलीतून येऊन उचलणारी बाई! चप्पल पायाशी, आणि त्या भिंतीला टेकून समोर बघत उभ्या.

"आई, काय होतंय?"

"काही नाही गं. ह्यांचं बघ आधी. पित्त झालंय बहुतेक. जबडा नुसता आवळल्यासारखा वाटतोय."

सुनेनं त्यांचा हात धरला. तो घामानं गार पडला होता.

"सिस्टर, बेड. ईसीजी. आत्ता."

"अगं, पेशंट मी आहे!" सासरेबुवा खुर्चीतून अर्धे उठले. "ती नुसती सोबत आलीय!"

त्यांच्याशी वाद घालायला कुणी थांबलं नाही. पडदा ओढला गेला, पण घाईत एक फट राहिली. त्या फटीतून त्यांना बायकोचे पाय दिसत होते. मशीनमधून कागदाची पट्टी सरकली. सुनेनं ती बघितली आणि हृदयाच्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. तेवढ्यात मशीन किंचाळू लागलं आणि पाय सैल पडले.

घरी बरणीचं झाकण निघालं नाही की नवऱ्याला हाक मारणारी ती सून. आता दोन्ही हात सरळ ठेवून सासूच्या छातीवर अख्ख्या अंगाचा भार देत होती. सिस्टर शॉकचं मशीन घेऊन तयार झाली.

"सगळे मागे व्हा," सून म्हणाली. आवाज तोच, मीठ मागण्याचा.

पाय एकदा उडाले. पुन्हा पडले. सासरेबुवांचा घोटा कुठं होता, तेही त्यांना आठवेना. मग मशीन ताल धरून बोलू लागलं, आणि थोड्या वेळानं आतून क्षीण आवाज आला, "ह्यांची चप्पल उचलली का कुणी?"

हृदयाचे डॉक्टर धावत आले, कागद बघितला, बेड घेऊन लिफ्टकडे निघाले. जाताजाता सासरेबुवांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, पुढचं मी बघतो. पण माझ्यापर्यंत माणसाला जिवंत आणलं ते हिनं."

सासरेबुवांनी वाकून चप्पल उचलली आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. शेजारी खांदा निखळलेला एक रंगारी ठणाणा करत होता. पलीकडे कुणाला टाके पडत होते. सून या पडद्यातून त्या पडद्यात जात होती. सासूबाईंसाठी तिनं डोळे पुसले असलेच, तर ते कुठं पुसले, हे कुणालाच दिसलं नाही.

बऱ्याच वेळानं सुनेला वरून फोन आला, तशी ती त्यांच्याजवळ आली.

"बाबा, हृदयाची तुंबलेली शीर उघडली. आई बोलताहेत. तुमचा पाय कसा आहे, विचारताहेत."

त्यांनी नुसती मान हलवली. ती रंगाऱ्याच्या पडद्याआड गेली, आणि लगेच उलट्या पावली बाहेर आली. दोन बोटं त्यांच्या मनगटावर, नजर चेहऱ्यावर.

"काय झालं? आवाज का बंद?"

"काही नाही गं, बाळा. तुझी माणसं बघ आधी. मी आहे बसून."

"दुखतंय ना?"

"ठणका नुसता डोक्यात जातोय."

"मग गप्प बसू नका, बाबा. तुमचा आवाज येत असला की मी पलीकडे निवांत काम करते. गप्प झालात की अर्धं चित्त इकडेच."

ती पडद्याआड गेली. सासरेबुवांनी चप्पल छातीशी धरली, इकडेतिकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सुनेचं ऐकलं.

"आई गं! मेलो!"

"छान," पडद्याआडून आवाज आला.