अखाजीला शटर पडलं

ती बाई दागिने बघतच नव्हती. माणसं बघत होती.

माळ्यावर, खालचं दुकान दाखवणाऱ्या टीव्हीसमोर बसलेल्या द्रौपदाबाईचं बोट आपसूक घंटेच्या बटणावर गेलं. फौजदारसाहेबांनी जळगावच्या सराफ बाजाराला एकत्र बसवून हेच तर शिकवलं होतं, "गिऱ्हाईक माल बघतं, चोर माणसं बघतो." मागच्या दिवाळीत बायांच्या एका टोळीने शेजारच्या पेढीतून अंगठ्यांचा अख्खा ट्रे साडीत घालून नेला, तेव्हापासून बाजार शहाणा झाला होता. आता घंटा वाजली की दुकानाचं शटर पडायचं, शेजारचे दुकानदार रस्त्यावर यायचे आणि चौकीतून चुडामण हवालदार धावत सुटायचे. मात्र साहेबांनी दमही भरला होता. उगाच वाजवाल, तर खरा लांडगा येईल तेव्हा कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही.

दुकानातला कॅमेरा मालक रतिलालशेठनी मुंबईहून आणला होता. टीव्हीपुढे आधी वना नावाच्या नोकराला बसवलं, तर तो पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी घोरायला लागला. मग शेठनी माठापाशी बसून गिऱ्हाइकांना पाणी देणाऱ्या द्रौपदाबाईला वर चढवलं. बाईच्या पदराआड काय चाललंय ते बाईलाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. लाकडी जिना चढता-उतरता म्हातारीला देव आठवायचा. पण एकदा वर बसली की तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे.

आणि आज तर अखाजी, खानदेशची अक्षय्य तृतीया. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या आया, आत्या, मावश्या, नुसता कल्ला. कोणी लेकीला जोडवी घेतंय, कोणी नातवाला करदोडा. सगळ्या खानदेशच्या लेकी या सणाला माहेरी येतात. द्रौपदाबाईची तेवढी येत नव्हती.

सुपडी तिचं नाव. आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून ही तरी जगावी यासाठी हिला जन्मताच सुपात घालून घेतलेली. इतक्या नवसासायासाची पोर, पण परजातीतल्या एसटी ड्रायव्हरशी लग्न लावून दारात उभी राहिली. बाप भिंतीकडे तोंड करून बसला. आणि द्रौपदाबाईनं, होय, जन्म देणाऱ्या आईनंच, दार लावून आतून कडी घातली. पोरगी बाहेर रडत राहिली, मग रडणं थांबलं. कुठे गेली, कोणाला ठाऊक! मागल्या साली बाप वारला, तर निरोप धाडायला पत्ता नव्हता. ती कडी घालताना माझे हात का झडले नाहीत, असं म्हातारी रोज देवाला विचारायची.

टीव्हीवरच्या बाईच्या कडेवर लेकरू होतं. कॅमेरा वरून बघायचा, त्यामुळे चेहरा दिसेना, नुसता डोईवरचा पदर. ती सारखी मान उंचावून कोपऱ्यातल्या माठाकडे बघायची, मग पुन्हा गर्दीत. लक्षण काही बरं नव्हतं. द्रौपदाबाई बटण दाबणार, एवढ्यात वनानं त्या बाईपुढे लेकराचे चांदीचे वाळे ठेवले. बाईनं एक वाळा उचलला, कानाशी नेला आणि वाजवून बघितला.

द्रौपदाबाईचं बोट बटणावरून सरकलं.

वाटी असो, बांगडी असो, नाहीतर देवळातली झांज असो, कानाशी वाजवल्याशिवाय हातातून खाली ठेवायची नाही, ही खोड एकाच पोरीची होती. भांड्याच्या दुकानात आईला लाज आणायची कार्टी!

"सुपडे!" म्हातारी ओरडली. "ओ सुपडे!"

खालच्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार? बाईनं वाळा खाली ठेवला. माठाकडे एकदा शेवटचं बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि ती दाराकडे वळली. द्रौपदाबाई उठली, तर गुडघ्यानं दगा दिला. जिना उतरेपर्यंत पोरगी चौक ओलांडणार. अखाजीच्या गर्दीत एकदा शिरली, की या जन्मात पुन्हा दिसायची नाही.

तिनं दोन्ही तळव्यांनी घंटा दाबली.

खाडकन शटर पडलं. बाया किंचाळल्या, लेकरांनी भोकाड पसरलं. मागच्या दारानं चुडामण हवालदार काठी उगारून आत घुसले. "कुठे आहे चोर? कोणी हलायचं नाही!"

"काय गेलं, द्रौपदाबाई?" रतिलालशेठ घामाघूम. "कोणी चोरलं?"

द्रौपदाबाई एकेका पायरीवर बूड टेकत जिना उतरत होती.

"कोनी काही चोरं नही, शेठ," ती धापा टाकत म्हणाली. "मनी पोर शे ती. बाहेर चालनी व्हती."

शेठचा चेहरा लालबुंद. दाराशी सुपडी लेकराला उराशी धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. बाप गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं. माय रतिलालशेठच्या दुकानात माठापाशी बसते, एवढंच गल्लीतल्या कोणीतरी सांगितलेलं. मघापासून ती मायलाच धुंडाळत होती.

चुडामण हवालदारांनी काठी बगलेत मारली. नाक ओढलं. "शेठ, रागावू नका. हरवलेला माल सापडलाय. उघडा शटर."

वनानं शटरला हात घातला. तशी जिन्याखाली पोचलेल्या द्रौपदाबाईनं पुढे होऊन लेकीचं मनगट घट्ट धरलं आणि ओरडली, "आत्तेच नको उघडू रे, वना!"

सुपडी रडता रडता हसली.

"माय," ती म्हणाली, "दार लावानी तुनी खोड काही गयी नही!"