तांडा हलवताना

“पोती कशाला आणली, नायक?” मोठे बाबू किशनराव हसले.

धर्मसिंग नायकांनी सहा रिकामी पोती अन् दोरी टेबलापाशी ठेवली. बाहेर जीप उभी होती. हिरानायक तांडा तीन पिढ्या एकाच माळावर होता, पण कागदोपत्री सावरगावच्या पोटात. पस्तीस वर्षं मागणी केल्यावर आता तांड्याची वेगळी ग्रामपंचायत झाली होती. सावरगावातून आपलं दप्तर काढून घ्यायला धर्मसिंग सेनगावच्या तालुका कचेरीत आले होते.

“दप्तर कम्प्युटरात हाय. कागद कधीच स्कॅन झाले,” असं म्हणून किशनराव ऑपरेटर मिनाकडे वळले. “तांड्याला एक कोरा फोल्डर काढून दे. जुनं राहू दे सावरगावातच. एकेक फाईल कोण हलवत बसणार? दोन-चार गहाळ झाल्या तर तकलीफ आपल्यालाच.”

“म्हंजे आमचा तांडा आज जन्मला का, साहेब?” धर्मसिंगांचा आवाज चढला. “अन् जुन्या कागदांतलं माझ्या बापाचं नाव? ते सावरगावातच?”



मिनानं माऊस बाजूला सारला. पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली अन् कीबोर्ड पुढे ओढला. एक शब्द टाइप करताच सावरगावच्या पोटात काय काय आहे ते पडद्यावर उतरलं. त्यात तांडा होता. तिनं तांड्यातल्या फायली मोजल्या. चार हजार एकशे बारा. आकडा कागदावर लिहून ठेवला.

धर्मसिंग खुर्ची सोडून तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ऊसतोडीच्या हंगामात मुक्काम हलवायच्या आधी बाप असेच बैल मोजायचा. घाई कितीही असो.

मिनानं दोन अक्षरं टाइप केली, एम आणि व्ही, म्हणजे ‘मूव्ह’, हलव. पुढे तांड्याचा जुना पत्ता, मग नवा. ओठ हलवत तिनं ती ओळ पहिल्यापासून वाचली. मग बटण दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही.

“बिघडलं काई?”

“बिघडलं असतं तर बोंबललं असतं, बाबा. गप्प हाय म्हंजे बराबर.” तिनं नव्या पत्त्यावर पुन्हा मोजलं. चार हजार एकशे बारा.

पोचल्यावरही बाप मोजायचा. धर्मसिंग त्या पोरीच्या बोटांकडे पाहत राहिले.

तिनं शाळेचं जुनं रजिस्टर उघडलं. त्यात धर्मसिंगांचं नाव होतं अन् शेजारी बापाचा अंगठा. पडद्यावर वर फायलीचा पत्ता दिसत होता, त्यात सावरगाव नव्हतं. नुसतं हिरानायक तांडा.

“येवढं सगळं एका दमात उचललं कसं, माय?”

“उचललंच न्हाई, बाबा. एकबी कागद जागचा हालला न्हाई. हाय तिथंच हाय सगळं. फकस्त पत्ता बदलला.”

धर्मसिंगांनी रिकामी पोती काखेत घेतली. दाराशी जाऊन ते किशनरावांकडे वळले.

“ऐकलं का, साहेब? पस्तीस वर्सं आमी दुसरं काय मागून राहिलो होतो?”